तक्त्यात चिकोरीचा रकाना कुठे आहे?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत घरी कॉफी करण्याची यंत्रं आणि कॉफीच्या कंपन्या यांवर आपण पानभर मजकूर दिलात. मी ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. तक्ता दिसला की आधी तोच तपासायचा, ही खोड त्या नोकरीची. आपल्या तक्त्यात किंमत आहे, वॉरंटी आहे, किती कप निघतात ते आहे, रंगसुद्धा आहेत. पण पुडक्यात कॉफी किती आणि चिकोरी किती, हा रकानाच नाही. उलट खाली बारीक टायपात एक ओळ आहे : ‘चिकोरीची भेसळ असलेली कॉफी टाळा.’ त्या एका ओळीसाठी हे पत्र लिहायला बसले आहे. लांबलं तर कात्री लावा, पण चिकोरीचं तेवढं ठेवा.

चिकोरी म्हणजे कासनीचं मूळ. मुळ्यासारखं जाडजूड असतं. ते वाळवतात, भाजतात आणि दळतात. गुजरातेत आणि उत्तर प्रदेशात त्याचं पीक घेतात. त्यात कॅफिन नसतं, पण रंग गडद येतो, पेय दाट होतं आणि दूध घातलं तरी चव टिकते. आता कायद्याचं. कॉफी-चिकोरी मिश्रण विकायला आपल्याकडे रीतसर परवानगी आहे. अट अशी, की त्यात कॉफी ५१ टक्क्यांपेक्षा कमी असता कामा नये आणि दोन्हींचं प्रमाण पुडक्यावर छापलेलं असलं पाहिजे. न सांगता घातली तर ती भेसळ. सांगून घातली तर ती गिऱ्हाइकाची आवड. दुधात पाणी घालणारा गवळी आणि ताक विकणारा गवळी यांना आपण एकाच ओळीत उभं करत नाही ना?

आता हे मला कुठून कळलं, तर पूर्णेच्या रेल्वे कॉलनीतून. आमचे हे गार्ड होते. आपली ही लाइन दक्षिण मध्य रेल्वेची, मुख्यालय सिकंदराबादला. त्यामुळे पूर्णा जंक्शनच्या क्वार्टरांत अर्धी घरं तेलुगू. मीटरगेजचे दिवस. रात्री दोन वाजता कॉलबॉय येऊन दार वाजवायचा, सायकल भिंतीला टेकवायचा आणि वहीवर सही घेऊन जायचा. मग यांचा डबा, थर्मास, लाइन बॉक्स. थर्मासात चहा भरायचा, तो पहाटेपर्यंत काढ्यासारखा कडू होई. शेजारी गुंतकलकडच्या अक्का होत्या. त्या एका रात्री माझी धांदल बघत दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “ताई, चाय नक्को. डिकाक्षन दे देती मैं.” डिकाक्षन म्हणजे डिकॉक्शन, कॉफीचा घट्ट अर्क. आमचं सगळं बोलणं अशा दखनी हिंदीतच चालायचं. मला तेलुगू येईना, त्यांना मराठी येईना.

आमच्या माहेरी, जिंतूर तालुक्यात, कॉफी म्हणजे आजारपण किंवा पाहुणे. साखर घालून केलेल्या कॉफीच्या वड्या मिळायच्या. एक वडी उकळत्या दुधात टाकायची आणि वर जायफळ किसायचं. जायफळाने झोप येते आणि कॉफीने उडते. मग पाहुण्याचं नेमकं काय व्हावं अशी आईची इच्छा असायची, ते मला आजवर कळलेलं नाही.

अक्कांचा फिल्टर पितळेचा होता. एकावर एक बसणारी दोन भांडी, वरच्याच्या तळाला सुईच्या अग्राएवढी भोकं, आत दांडीची चपटी चकती. तिला त्या छत्री म्हणत. वरच्या भांड्यात तीन चमचे शीग लावून पूड घालायची, छत्रीने हलकेच दाबायची. जोरात दाबली तर एक थेंब खाली उतरत नाही आणि दाबलीच नाही तर पाणी नुसतं धावत जातं. पाणी उकळून गॅस बंद करायचा, खदखद थांबली की छत्रीवर गोल फिरवत ओतायचं. झाकण लावायचं आणि तिथून निघून जायचं. हे निघून जाणं मला सगळ्यात अवघड गेलं. मी दर दोन मिनिटांनी वरचं भांडं उचलून बघायची. अक्का ओरडायच्या, “जल्दी नक्को करो ताई!” वीस मिनिटं ते अर्धा तास, एवढा वेळ डिकॉक्शन उतरायला लागतोच. मग ते गरम दुधात घालायचं, दुधात घालून पुन्हा उकळायचं नाही. भोकं बुजली तर जाळीचा तळ गॅसवर धरायचा. अडकलेली पूड जळून जाते आणि भोकं मोकळी होतात. हे त्या फुलक्यासारखं सहज करायच्या.

चिकोरीचं गुपितही त्याच फिल्टरमध्ये कळलं. चिकोरी पाणी धरून ठेवते, म्हणून थेंब सावकाश पडतात आणि अर्क घट्ट उतरतो. एकदा अक्कांच्या भावाने चुकून बिनचिकोरीची पूड आणली. दहा मिनिटांत सगळं खाली, रंग फिकट, वास मात्र घरभर. अक्कांचे यजमान म्हणाले की छान आहे. अक्कांनी कप तसाच मोरीत ओतला. त्यांची मागणी ठरलेली होती : निम्मी पीबेरी, निम्मी प्लांटेशन ए आणि वर पाव हिस्सा चिकोरी. पीबेरी म्हणजे ज्या फळात दोनऐवजी एकच गोल बी धरतं ते. प्लांटेशन म्हणजे गर पाण्याने धुऊन काढलेली अरेबिका, ही कॉफीची एक जात. दुकानदार त्यांच्यासमोर भाजायचा, दळायचा आणि पुडी गरमच हातात द्यायचा, असं त्या सांगत. पूर्णेला बसून मला ते खोटंच वाटायचं.

आता कंपन्यांचं. आपण तारे दिलेत, मी पुडक्यामागचं वाचते. नेसकॅफे क्लासिक निव्वळ कॉफी आहे. सनराईज त्याच घरची, पण तीत ७० टक्के कॉफी आणि ३० टक्के चिकोरी. ब्रू इन्स्टंटचंही तेच. क्लासिकला ‘कडू’ आणि ब्रूला ‘मस्त’ म्हणणारी अर्धी मराठवाड्याची घरं खरं तर चिकोरीला पसंती देत असतात, त्यांना माहीत नसतं इतकंच. फिल्टरसाठी ब्रू ग्रीन लेबल घेतलीत तर ५३ आणि ४७ वाचायला मिळेल. कायद्याची रेघ ५१ वर आहे, हे लक्षात ठेवून तो आकडा वाचा. बेंगळुरूची कोथाज आणि सेलमची नरसूज या माझ्या आवडीच्या. कोथाजमध्ये ८५-१५चं मिश्रण मिळतं, तेच आमच्या घरी असतं. ८०-२०ही चालेल. ६०-४०च्या खाली मी जात नाही. तिथे कॉफीचा वास संपतो आणि जळक्या गुळाची चव लागते. ज्यांना दूध-साखरेशिवाय प्यायची आहे त्यांनी चिकोरीच्या वाटेला जाऊच नये. त्यांनी ब्लू टोकाईसारखी निव्वळ अरेबिका घ्यावी. भाजल्याची तारीख पुडक्यावर असते, हे मला फार आवडलं. आपल्या किराणा दुकानातल्या पुड्यांवर दळल्याची तारीख शोधून बघा एकदा.

घरी तपासायची युक्ती सांगते, चौथीच्या मुलांनाही मी करून दाखवायची. काचेच्या पेल्यात थंड पाणी घ्या आणि फिल्टर कॉफीची चिमूटभर पूड वरून सोडा. कॉफी तरंगत राहते. चिकोरी लगेच खाली जाऊ लागते आणि मागे तपकिरी रेघा सोडते. इन्स्टंटला हे चालत नाही, ती विरघळूनच जाते.

यंत्रांबद्दल मात्र माझी तक्रार आहे, आणि ती पाण्यापासून सुरू होते. मुलगा पुण्याला असतो. त्याने दोन वर्षांपूर्वी दिवाळीला एस्प्रेसोचं यंत्र आणून ओट्यावर ठेवलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, चूक तिची नव्हतीच. पहिला महिना घरात नुसता उत्सव. घुर्रर्र आवाज, फेस, शेजारच्या बायका बघायला. आमच्याकडे बोअरचं पाणी. किटलीच्या तळाला महिन्यात पांढरी खपली धरते, गीझरची कॉइल दीड वर्षात जाते, हे इथल्या प्रत्येक बाईला पाठ आहे. ते पाणी मी त्या यंत्रात घालत होते. तिसऱ्या महिन्यात धार बारीक झाली, मग नुसते दिवे लुकलुकायला लागले. दुरुस्तीचं केंद्र पुण्यात. मुलगा व्हिडिओ कॉलवर, मी चष्मा लावून, हे टॉर्च धरून. शेवटी सायट्रिक ॲसिड पाण्यात विरघळवून दोनदा फिरवलं तेव्हा ते खोकत खोकत सुरू झालं. आत क्षार बसले होते. तेव्हापासून त्याला जारचं पाणी. म्हणजे एक कप कॉफीसाठी वीस लिटरचा जार वाकवायचा. माझं वय ७० आहे.

पाण्याचा परिणाम चवीवरही होतो, आणि पुण्या-मुंबईत लिहिलेल्या लेखांत हे कधी येत नाही. हलक्या भाजलेल्या अरेबिकाला जी फळासारखी आंबूस चव असते, ती जड पाण्यातले क्षार मारून टाकतात. मुलाने आणलेली महागाची कॉफी बोअरच्या पाण्यात मला मचूळ लागली. तीच त्याच्या पुण्यातल्या घरी प्यायले तर अगदी वेगळी. गडद भाजलेली चिकोरीची कॉफी आमच्या पाण्याशीही जमवून घेते. कदाचित म्हणूनच ती इथे टिकली असेल, हा माझा आपला अंदाज.

बाकीची यंत्रं थोडक्यात. फ्रेंच प्रेस म्हणजे दांडीने जाळी खाली दाबून कॉफी गाळायचं भांडं. त्याला रव्यासारखी जाड दळलेली कॉफी लागते आणि ती चार मिनिटं ठेवतात. आपल्या बाजारातली बारीक पूड त्यात घातलीत तर तळाला चिखल मिळेल. मोका पॉट, म्हणजे गॅसवर ठेवून वाफेच्या दाबाने कॉफी काढायचं भांडं, इटलीच्या बियालेत्तीने १९३३ साली काढला. तो ॲल्युमिनियमचा, म्हणजे आमच्या भाषेत जर्मनचा. (जगात जर्मनी, देशात परभणी म्हणतात ते उगाच नाही.) इंडक्शनवर ॲल्युमिनियमचा चालत नाही, स्टीलचा घ्यावा लागतो. आणि आपल्या गॅसच्या स्टँडवर ते टीचभर भांडं कलंडतं, खाली जाळी ठेवा. आपण त्याच्या कॉफीला एस्प्रेसो म्हटलं आहे. एस्प्रेसोला नऊ बारच्या आसपास दाब लागतो; मोका पॉटमध्ये दोनच्याही आतच असतो. कॉफी मात्र चांगली दमदार होते.

स्टीलचा दोन कपांचा फिल्टर मला तीन-चारशे रुपयांत मिळाला. वीज गेली तरी चालतो. बिघडायला त्यात काही नाही. आपल्या पूर्ण पानावर त्याला दोन ओळी मिळाल्या आहेत, त्यातही ‘पारंपरिक’ म्हणून बोळवण. तारे शून्य.

आणखी एक दुरुस्ती. लेखात ‘महाराष्ट्रात कॉफी पिकत नाही’ असं छापलं आहे. विदर्भात चिखलदऱ्याला कॉफीचे मळे आहेत. शाळेची सहल घेऊन गेले होते, तेव्हा झाडाखाली उभी राहून मी मुलांना ती लाल फळं दाखवली आहेत. एका पोराने एक तोंडात टाकून थुंकलं आणि म्हणाला, “बाई, हे तर काफीसारखं लागतच नाही.” पीक थोडं आहे, पण आहे.

अक्का निवृत्तीनंतर गावी परतल्या. जाताना पितळेचा फिल्टर मला देऊ केला. मी घेतला नाही, कारण तो त्यांच्या आईचा होता. नांदेड-बेंगळुरू एक्स्प्रेस सुरू असल्याने ओळखीचं कुणी ना कुणी ये-जा करतं आणि कोथाजची दोन पुडकी घेऊन येतं. पण पुडक्यातली आणि समोर दळलेली यांत फरक आहे, अक्का म्हणायच्या ते आता पटतं.

म्हणून विनंती अशी. परभणी, नांदेड किंवा लातूर या तीन शहरांत गिऱ्हाइकासमोर कॉफी भाजून, हवं ते प्रमाण घालून दळून देणारं एखादं दुकान कुणा वाचकाला माहीत असेल, तर पत्ता आपल्या याच सदरात छापावा. पॅसेंजरने येईन, पिशवी माझी आणीन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, परभणी