ओझरच्या घरातले दोन पांढरे डबे

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

काल बोलता बोलता आई म्हणाली, "अगं, तो तुझा डबा सारखा टुक् टुक् करतो, मालिका ऐकू येत नाही. ह्यांनी सेल काढून ठेवलेत." डबा म्हणजे मी पाठवलेल्या कार्बन मोनॉक्साइड अलार्मपैकी एक, गॅस गीझरमधून होणारा हा विषारी वायू घरात साठला की वाजणारा. मग बाबांनी पाठवलेला फोटो पाहिला. एक डबा बाथरूममध्ये गीझरच्या बरोबर डोक्यावर, दुसरा बेडरूममध्ये लोखंडी कपाटाच्या वर आडवा टाकलेला. फोनवर सांगायला गेले की बाबा "हो हो, बघतो" म्हणतात आणि गाडी कांद्याच्या भावावर जाते. म्हणून लिहूनच पाठवतेय. वाचून झालं की स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा.

बाबा, उभी हयात एचएएलमध्ये मिग विमानांच्या कामात घालवलेल्या माणसाला स्क्रू कुठे पिळायचा हे मी काय सांगणार! पण ह्या यंत्राच्या काही खोडी आहेत, त्या माहीत नसतील तर ते भिंतीवर असून नसल्यासारखं.

आधी टुक् टुक्. दर मिनिटाला एकदा बारीक टुक् होतं तेव्हा सेल उतरलाय किंवा आत काही बिघाड आहे, एवढंच ते सांगत असतं. हा वायू साठला की कान किटवणारे चार आवाज, जरा थांबून पुन्हा चार, असं न थांबता चालतं. दोन्हींत गल्लत व्हायची नाही. तुमच्या खोक्यात मी अल्कलाइन पेन्सिल सेल ठेवले होते. आई म्हणते ते टॉर्चमध्ये गेले आणि डब्यात भिंतीवरच्या घड्याळाचे सेल आले. बाबा, टॉर्चमधले ते परत आणा. साधे स्वस्तातले सेल किंवा चार्ज करायचे सेल ह्याला चालत नाहीत. गीझरच्या ठिणगीचे दोन जाडे सेल वेगळे, त्यांची भानगड वेगळी.

आता जागा. बाथरूममध्ये हा लावायचा नाही. वाफेने आतला सेन्सर खराब होतो आणि गरज पडेल तेव्हा तो मुका राहतो. बाथरूमबाहेरच्या बोळात, दारापासून साधारण एक ते तीन मीटरवर, भिंतीवर लावा. छतापासून निदान वीतभर खाली आणि दाराच्या चौकटीच्या वरच्या अंगाला. गरम हवेबरोबर हा वायू वर चढतो, म्हणून उंची महत्त्वाची. पंख्याच्या वाऱ्यात, खिडकीशेजारी, पडद्यामागे नको. आणि एक गोष्ट खास आपल्या घरासाठी: बोळाच्या टोकाला इन्व्हर्टरची बॅटरी आहे ना, तिच्यापासून लांब. चार्ज होताना तिच्यातून थोडा हायड्रोजन निघतो आणि हा सेन्सर हायड्रोजनलाही फसतो. लाइट गेली, परत आली, बॅटरी चार्जिंगला लागली आणि डबा बोंबलला, असं दोनदा झालं की तुम्ही तो कायमचा गप्प कराल, मला खात्री आहे.

दुसरा डबा बेडरूममध्ये, तुमच्या उशाशी, झोपल्यावर नाक असतं साधारण त्या उंचीला. कपाटावर अजिबात नको. हे दोघे आपसात रेडिओने बोलतात, वायर नाही. बोळातला बोंबलला की बेडरूममधलाही त्याच क्षणी बोंबलतो. हाच तर जोडी घेण्यामागचा मुद्दा. गीझर मागच्या अंगाला, तुम्ही पुढच्या खोलीत टीव्ही लावून, बाबांचा डावा कान तसा, त्यात आई थंडीत कानाला स्कार्फ बांधून. मागे एकटं काही वाजलं तर पुढे कळणार कसं? पण लोखंडी कपाट आणि जुन्या घराच्या दगडी भिंती रेडिओला जड जातात. मोकळ्यावर शंभर मीटर जाणारा सिग्नल घरात दोन भिंतींत थकतो. म्हणून स्क्रू पिळायच्या आधी एकदा दोघांना ठरलेल्या जागी नुसतं धरून बघा. एकाचं टेस्टचं बटण दाबा, दुसरा वाजला तर जागा बरोबर. नाही वाजला तर हातभर सरकवून पुन्हा. सेल काढल्यामुळे जोडी सुटली असेल तर दोन्ही डब्यांवरचं जोडायचं बटण दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरायचं, आधी एकाचं, मग लगेच दुसऱ्याचं.

आई, तू म्हणालीस, "गॅस गळला तर वास येतोच की, आणि ओट्याखाली तो गळती सांगणारा डबाही आहे." तो आहे ते चांगलंच, पण त्याचं काम निराळं. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरतो, म्हणून ते यंत्र खाली. त्याला मुद्दाम उग्र वास दिलेला असतो. मी सांगतेय तो कार्बन मोनॉक्साइड सिलिंडरमधून येत नाही, जळण्यातून येतो. बाथरूम बंद, आत गीझर धडधडतोय, ज्योत हवेतला ऑक्सिजन खात जाते, तो कमी पडला की जळण अर्धवट होतं आणि हा वायू तयार होतो. वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट घट्ट धरतो. माणसाला आधी डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, पाय लुळे पडतात. आंघोळीत चक्कर आली, पित्त झालं असेल असं वाटतं आणि कडीपर्यंत हात पोचत नाही. दर हिवाळ्यात पेपरात अशा बातम्या येतात, तुम्हीच मला वाचून दाखवता.

तिकडे निफाडचा पारा उतरला की ओझरलाही हुडहुडी भरते आणि तुम्ही बाथरूमची वरची खिडकी पुठ्ठ्याने बुजवता. ह्या वर्षीही बुजवली असणार. तो पुठ्ठा आजच काढा. बाबा, मनापासून सांगते, अलार्म ही दुसरी फळी आहे. पहिली म्हणजे गीझर बाथरूममध्ये नसणं. प्लंबरला बोलवा, तो मागच्या पडवीच्या बाहेरच्या भिंतीवर हलवा आणि गरम पाण्याचा पाइप आत घ्या. पाइप थोडा लांबेल, पाणी यायला अर्धा मिनिट जास्त लागेल, एवढाच काय तो त्रास. तोपर्यंत बादल्या आधी भरायच्या, गीझर बंद करायचा, खिडकी उघडी ठेवून थोडी हवा खेळू द्यायची आणि मग आंघोळीला जायचं. एग्झॉस्ट फॅन लावला की झालं, असं शेजारचे काका म्हणतात ते धरू नका. दार-खिडकी बंद असताना फॅन हवा ओढतो खरा, पण गीझरचा धूरही उलटा आत ओढू शकतो. आतून कडी न लावता नुसतं दार ओढून घेतलं तरी घरात दोघांत काय लाजायचं?

ज्योत कधीतरी वाकून बघा. निळी आणि स्थिर हवी. पिवळी झाली, फडफडू लागली, वरच्या पत्र्यावर काजळी धरली तर बर्नर साफ करायला माणूस बोलवा, तोवर गीझर बंद.

आई, आणि ती कोळशाची शेगडी. गुडघे शेकायला तू निखारे परातीत घालून खोलीत आणतेस. धूर नसतो म्हणून तुला ते निर्धोक वाटतं. विझत आलेल्या कोळशातून हा वायू भरपूर येतो, धूर नसतानाच जास्त फसगत होते. अंगणात शेक, ओसरीवर शेक. दार लावून खोलीत मुळीच नाही. गुडघ्यासाठी रबरी पिशवी मी गेल्या खेपेला आणलीय, ती कपाटात घडी घालून ठेवलेली मला दिसली होती.

मी इथे लीड्सला राहते तिथे घराच्या भिंतीवर हा डबा घरमालकाने लावून दिलेला आहे. इंग्लंडमध्ये 1 ऑक्टोबर 2022 पासून भाड्याच्या घरात बॉयलर ज्या खोलीत असेल तिथे तो लावणं मालकाला बंधनकारक आहे, आणि दर वर्षी गॅसची तपासणी होते ती वेगळी. "परदेशी खूळ" म्हणून काका हसले, ठीक आहे. पण बंद बाथरूममधले गॅस गीझर मी इथे पाहिले नाहीत, ते आपल्याकडे आहेत. म्हणजे गरज कुणाला जास्त?

देखभाल फार नाही. महिन्यातून एकदा, पेन्शनची पासबुक भरायला जाता त्या दिवशी धरा, टेस्टचं बटण दाबायचं आणि दोन्ही वाजतात का बघायचं. त्या बटणाने सेल, भोंगा आणि रेडिओ तपासला जातो. गॅस तपासायला म्हणून उदबत्ती किंवा स्कूटरचा धूर त्याच्यापुढे धरू नका, बाबा, मी तुम्हाला ओळखते. कोरड्या फडक्याने वरची धूळ पुसायची, जाळीवर मऊ ब्रश फिरवायचा. काच पुसायचा फवारा, डासांचा स्प्रे, साबणाचं पाणी काही लावायचं नाही. दिवाळीत रंग काढायचा झाला तर डबे उतरवून दुसऱ्या खोलीत ठेवायचे आणि वास गेल्यावर परत लावायचे. रंगाऱ्याने त्यावरूनच ब्रश फिरवला तर संपलं.

मागच्या बाजूला बदलण्याची तारीख छापलेली आहे. आतला सेन्सर वापरा न वापरा, आपोआप म्हातारा होतो. विमानातला पार्ट दिसायला ठणठणीत असला तरी लाइफ संपली की काढता ना तुम्ही? तसंच हे. ती तारीख ह्या कागदावर खाली ठळक लिहून ठेवा.

आणखी एक, हे बाबांसाठी, कारण मागच्या वर्षीची अँजिओप्लास्टी. अलार्म वाजला नाही म्हणजे हवेत काहीच नाही असं नसतं. हवेच्या दहा लाख भागांत 50 भाग वायू असेल तर तो तासभराने, फार तर दीड तासाने वाजतो. 100 असेल तर दहा ते चाळीस मिनिटांत, 300 असेल तर तीन मिनिटांच्या आत. निरोगी माणसाचा हिशोब धरून ते आकडे ठरवलेत. हृदयाच्या रुग्णाला त्याआधीच त्रास होऊ शकतो. तेव्हा बाथरूममधून डोकं जड होऊन बाहेर आलात आणि मोकळ्या हवेत बरं वाटलं, तर डबा गप्प असला तरी गीझर बंद ठेवून मला फोन करा.

आणि वाजलाच तर आधी तो गप्प करायला जाऊ नका. दोघांनी बाहेर अंगणात, जाता जाता हाताशी असेल तर गीझर बंद, दार उघडं. एकजण बाथरूममध्ये असेल तर दार उघडून त्याला ओढून बाहेर आणायचं, आत उभं राहून हाका मारत बसायचं नाही. मग 108 ला फोन. दवाखान्यात स्वतःहून सांगायचं की गीझरचा वायू नाकात गेलाय, ऑक्सिजन लावा आणि रक्तात कार्बन मोनॉक्साइड तपासा. कोरोनात घेतलेलं ते बोटाला लावायचं ऑक्सिमीटर इथे दगा देतं. त्याला हा वायू चिकटलेलं रक्त आणि ऑक्सिजनवालं रक्त सारखंच दिसतं. 98 दाखवेल आणि माणूस मात्र कोलमडलेला असेल. 98 बघून घरी थांबायचं नाही.

प्लंबर आणि पाइपचे पैसे मी पाठवतेय, त्यावर वाद नको. रविवारी सकाळी, तुमच्याकडे दुपार असेल, व्हिडिओ कॉल लावा. बाबा बोळातलं बटण दाबतील, आई बेडरूममध्ये उभी राहील. आणि आई, तो पुठ्ठा मला कॅमेऱ्यात दाखव, काढलेला.

तुमची धाकटी