आधी कागद कुठे अडतो ते शिकवा

महोदय,

अंबडच्या एका कारखान्यात मी २२ वर्षे स्टोअर सांभाळतो. गेल्या महिन्यात आम्हाला बिझनेस प्रोसेस मॅनेजमेंटच्या, म्हणजे काम कोणत्या पायऱ्यांनी जाते ते तपासून सुधारण्याच्या, दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला बसवले. पहिला दिवस स्लाइडमध्ये गेला. संस्थेच्या कारभाराचा आणि संगणक-यंत्रणेचा आराखडा मांडायच्या दोन पद्धती, झॅकमन यांची चौकट १९८७ची, टोगॅफ १९९५चे, एवढे पाठ झाले. दुसऱ्या दिवशी बीपीएमएनची, म्हणजे कामाचा प्रवास चित्रात काढायच्या पद्धतीची, चिन्हे आली : गोल म्हणजे सुरुवात किंवा शेवट, चौकोन म्हणजे काम, उभा शंकरपाळा म्हणजे फाटा. मी आमच्या बेअरिंगच्या मागणीपत्राचा प्रवास काढला. पाच सह्या, त्यांतल्या दोन एकाच साहेबांच्या! साहेब शेजारीच होते, हसले बिचारे. सातपूर-अंबडच्या लहान कारखान्यांसाठी असे वर्ग मराठीतून, त्यांच्याच कागदांवर घ्यावेत. आणि झॅकमन दुसऱ्या दिवशी, जेवणानंतर.

– एक स्टोअरकीपर, सिडको, नाशिक