दुकानात दोन खुर्च्या ठेवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळीनंतर मुलगा-सून पुण्याहून आले होते, म्हणून एक शनिवार सगळ्यांनी मिळून बाजारात काढला. सोबत ऐंशी ओलांडलेल्या सासूबाई. त्यांना महेश्वरी साडी घ्यायची होती.

आपल्या इंदुरात पलासियाच्या बाजूला किती सुरेख दुकानं झाली आहेत! काचेची दारं, मंद दिवे, हँगरला टांगलेल्या साड्या. सुनेइतकीच मलाही ती आवडली. पण आम्ही गेलो त्या एवढ्या मोठ्या दुकानात बसायला एक खुर्ची नव्हती. महेश्वरी घेणारी बाई आधी काठ उलटून बघते. बुगडी काठ दोन्ही अंगांनी सारखा हवा, साडी कशीही नेसता यायला हवी. त्यासाठी ती मांडीवर पसरावी लागते. सासूबाईंच्या एका हातात काठी, दुसऱ्या हातात हँगर. पाच मिनिटांत ‘चला’ म्हणाल्या.

जवळच्या कॅफेत खाणं उत्तम, पण सगळे स्टूल उंच, पाठीला टेकू नाही. म्हाताऱ्या माणसाने चढायचं कसं? शेवटी छप्पन दुकान या खाऊगल्लीत गेलो. २०२० मध्ये तिथल्या रस्त्यावर गाड्या बंद केल्या, बसायची सोय केली, त्याचं खरं मोल त्या दिवशी कळलं. सासूबाईंनी निवांत बसून खोपरा पॅटिस खाल्लं.

साडी मिळाली ती शीतलामाता बाजारात, गादीवर बसवून साड्या दाखवणाऱ्या एका जुन्या दुकानात. दुकानदाराने ‘माताजी, आराम से बैठिए’ म्हणत त्यांना गादीच्या कडेला लोडाशी टेकवून बसवलं, पायाखाली पाट सरकवला आणि एकेक घडी मोडून काठ उलटासुलटा करून दाखवला. एक घ्यायची होती, दोन घेतल्या. रात्री खाण्याचे ठेले लागतात त्या सराफ्यात एका बंद पेढीच्या ओट्यावर बसून भुट्ट्याचा कीस आणि जिरावन मसाला घातलेलं गराडू, म्हणजे तळलेला कंद, हेसुद्धा झालं.

नव्या दुकानदारांना माझी कळकळीची विनंती आहे. ट्रायल रूमपाशी हाताच्या, पाठीच्या दोन खुर्च्या ठेवा, साडी पसरायला एक बुटकं टेबल ठेवा. कॅफेवाल्यांनी निदान एक टेबल साध्या उंचीचं ठेवावं. उन्हाळ्यात आमच्या घरी सासूबाईंच्या नातीचं लग्न आहे. पलासियालाही खरेदी करायची आहेच, आणि सासूबाईंना घरी ठेवून आम्ही जाणार नाही.

– एक गृहिणी, रामबाग, इंदूर