मंत्रिमहोदय, संगणक मिळाले. आता शिकवणारं माणूस द्या

प्रति,
मा. उच्च व तंत्र शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : सार्वजनिक ग्रंथालयांतील कर्मचाऱ्यांचे संगणक प्रशिक्षण

मा. महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ‘ब’ वर्गाच्या वाचनालयात सहायक ग्रंथपाल आहे. अनुदानवाढ, वेतनश्रेणी, दर्जावाढ या मागण्या आमच्या संघटनांनी आपल्यापुढे वेळोवेळी मांडल्या आहेत. त्या रास्त आहेत आणि त्यांचा पाठपुरावा होत राहील. या पत्रात माझी मागणी एकच आहे. आम्हाला आमच्या टेबलापाशी बसून, आमच्याच पुस्तकांवर, वर्षभर शिकवणारं माणूस हवं आहे.

ग्रंथालयांचं संगणकीकरण म्हटलं की आधी यंत्रांचा आणि सॉफ्टवेअरचा विचार होतो. सॉफ्टवेअरचा प्रश्न तर कधीच सुटला आहे. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ भागातल्या सार्वजनिक ग्रंथालयांसाठी १९९९ मध्ये ‘कोहा’ ही ग्रंथालयाचं काम सांभाळणारी संगणक प्रणाली तयार झाली, जानेवारी २००० मध्ये ती वापरात आली, आणि आज कोणत्याही ग्रंथालयाला ती विनामूल्य घेता येते. आपल्याकडे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ‘ई-ग्रंथालय’ ही प्रणाली आहे, तीही आता ब्राउझरमध्ये चालते. दोन्हींत मराठी लिहिता येतं. आमची खरी अडचण त्यानंतर सुरू होते.

उदाहरण म्हणून ‘कादंबऱ्या’ हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र संगणकावर दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एका तऱ्हेत ‘ऱ’ हे वेगळं अक्षर वापरतात, दुसरीत साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह घालतात. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसतात, पण साध्या शोधात संगणक त्यांना दोन वेगळे शब्द समजतो. ‘ॲ’ची गतही तीच. २००८ पर्यंत युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक संकेतप्रणालीत, त्याला स्वतंत्र जागा नव्हती, म्हणून ‘अ’वर चंद्र देऊन काम भागवायचे, आणि जुन्या याद्यांत ते रूप तसंच राहिलं आहे. पुस्तक कपाटात असतं आणि शोधणाऱ्या वाचकाला ‘नाही’ असं उत्तर मिळतं. ही गोष्ट कळायला संगणकाची पदवी लागत नाही. कुणीतरी एकदा शेजारी बसून दाखवावी लागते.

युनिकोडच्या आधीच्या याद्या श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये आहेत. त्या जशाच्या तशा नव्या प्रणालीत टाकल्या की रोमन अक्षरांची आणि चिन्हांची गिचमिड दिसते. कन्व्हर्टर मिळतात, पण त्यानंतरही ऱ्हस्व वेलांटी कुठे गेली, जोडाक्षर कुठे फुटलं, हे ओळीनं वाचून तपासावंच लागतं. आणि ज्यानं ती पुस्तकं वर्षानुवर्षं हाताळली आहेत, त्याच्या नजरेला ते चटकन दिसतं.

लेखकांच्या नावांचं कामही असंच आहे. शिरवाडकरांची कविता ‘कुसुमाग्रज’ या नावाखाली आणि नाटकं ‘वि. वा. शिरवाडकर’ या नावाखाली. तालिकेच्या, म्हणजे पुस्तकांच्या सूचीच्या, कार्डांच्या काळात आम्ही मध्ये एक ‘हेही पहा’ असं कार्ड घालत असू. नव्या प्रणालीत त्यासाठी नावाची प्रमाणनोंद, म्हणजे सगळी नावं एकत्र बांधणारी एक नोंद, करून ती प्रत्येक पुस्तकाला जोडावी लागते. तत्त्व आम्हाला ठाऊक आहे, ग्रंथालय प्रशिक्षण वर्गात आम्ही तेच शिकलो. फक्त ते कुठल्या चौकटीत कसं भरायचं, ते दाखवणारं कुणी नसतं.

मी एका एकदिवसीय कार्यशाळेला गेले होते. शिकवणारे तळमळीनं शिकवत होते, त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण मोठा हॉल, समोर पडदा, उदाहरणाला घेतलेलं पुस्तक इंग्रजी. नोंदीच्या चौकटींचे क्रमांक, १०० म्हणजे लेखक, २४५ म्हणजे शीर्षक, एवढं वहीत उतरवून घेतलं आणि प्रमाणपत्र घेऊन गावी आलो. इथे टेबलावर दिवाळी अंकांचा गठ्ठा होता. दिवाळी अंक हा ग्रंथ धरायचा की नियतकालिक? वर्षातून एकदा येतो, संपादक असतो, पण आमच्याकडे त्यांची वेगळी वर्गणी असते आणि ते पुढच्या दिवाळीपर्यंत पुस्तकासारखे फिरत राहतात. महाराष्ट्रातल्या प्रत्येक वाचनालयाला दरवर्षी पडणारा हा प्रश्न त्या दिवशी कुणाच्याच तोंडी आला नव्हता.

आमच्याकडे शिकणं कसं झालं ते सांगते, कारण माझी मागणी त्यातूनच आली आहे. आमच्या निर्गम सहायक ताई पन्नाशी ओलांडलेल्या आहेत. देवघेवीचं रजिस्टर त्यांच्या हातचं, अक्षर छापल्यासारखं. कळफलकाला त्या हात लावायला तयार नव्हत्या. आमच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी एक मुलगी रोज दुपारी त्यांच्याजवळ बसू लागली. इनस्क्रिप्ट या मराठी कळफलकात स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला आणि हलन्त ‘डी’च्या कळीवर, हे तिनं त्यांना खऱ्या पुस्तकांच्या शीर्षकपानांवरून शिकवलं. ताई मोठ्यानं वाचायच्या, मुलगी फक्त कळ दाखवायची. पावसाळा सरेपर्यंत ताई स्वतः नोंदी करू लागल्या. आज दोन तऱ्हांचा ‘ऱ्या’ आमच्यात सगळ्यात आधी त्यांना सापडतो. एकाच लेखकाच्या तीन नोंदी तीन नावांनी झाल्या असतील तर त्या थांबवून विचारतात, “हे तेच ना हो, शेतकरी कथावाले?” आणि ते तेच असतात.

त्या मुलीची परीक्षा झाली, ती पुण्याला गेली. आमचा मार्गदर्शक गेला. राज्यातल्या अकरा-बारा हजार मान्य वाचनालयांनी अशा योगायोगावर अवलंबून राहावं, हे १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा करणाऱ्या राज्याला शोभत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. दोन-तीन तालुक्यांमागे एक ग्रंथालय मार्गदर्शक नेमावा. त्यानं प्रत्येक वाचनालयात महिन्यातून दोन दिवस यावं, आमच्या शेजारी बसावं आणि आमचंच काम पुढे न्यावं. ग्रंथालयशास्त्राची पदवी घेऊन नोकरीच्या शोधात असलेली मुलं-मुली प्रत्येक जिल्ह्यात आहेत, ती हे उत्तम करतील. अनुदानातून हा खर्च भागणार नाही, हे आपणही जाणता. मागे ६० टक्के वाढ झाली तेव्हा सगळ्यात खालच्या ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाचं वर्षाचं अनुदान ३० हजारांवरून ४८ हजारांवर गेलं. त्यात पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीज आणि माणसाचा पगार बसवायचा. सर्व्हरचं भाडं आणि प्रशिक्षण त्यात कुठे बसवणार? हा पैसा शासनानं वेगळा ठेवायला हवा.

दुसरं, नव्या पुस्तकांची संगणकावरची दाखल नोंद सरकारी तपासणीत ग्राह्य धरली जाईल, असा स्पष्ट शासननिर्णय काढावा. आज आम्ही भीतीपोटी वहीत आणि संगणकावर, दोन्हीकडे लिहितो. शिकण्याचा वेळ त्या दुहेरी लिखाणातच जातो.

आणि एका ठिकाणी झालेली नोंद दुसऱ्यांना घेता यावी. एकाच कादंबरीचं वर्गीकरण आणि तालिकीकरण राज्यभर हजारो जण आपापल्या परीनं करत बसले आहेत. कोहामध्ये दुसऱ्या ग्रंथालयाची नोंद मागवून घेण्याची सोय आहे, पण मागवायला मराठीची विश्वासार्ह सामायिक तालिका हवी. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं. अशा जुन्या वाचनालयांच्या कपाटांत असलेल्या, आता छापल्या न जाणाऱ्या पुस्तकाचा ठावठिकाणा सांगोल्यातल्या वाचकाला घरबसल्या कळला पाहिजे. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्यासाठी होणाऱ्या कामांत या तालिकेला जागा मिळावी अशी माझी कळकळीची विनंती आहे.

संपूर्ण राज्यात एकदम शक्य नसेल तर या वर्षी एका जिल्ह्यात सुरुवात करा. आमच्या कार्यकारी मंडळाशी मी बोलले आहे. प्रयोगासाठी आमचं वाचनालय उपलब्ध आहे, दुपारी बारा ते चार टेबल मोकळं असतं, आणि आत्तापर्यंत तपासून तयार केलेली नोंदींची फाईल कोणत्याही वाचनालयाला द्यायला आम्ही तयार आहोत.

आपली नम्र,
एक सहायक ग्रंथपाल
सोलापूर जिल्हा