काका, तुमच्या त्या एका उदबत्तीसाठी

प्रिय काका,

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता, म्हणून आता सगळ्यांसमोरच लिहितेय, व्हरमाँटला नव्याने आलेल्या आणि घरात वूड स्टोव्ह (लाकडं जाळून घर गरम ठेवणारी शेगडी) असलेल्या आपल्या लोकांच्याही कामी येईल.

गेल्या हिवाळ्यात आमच्या घरात ह्युमिडिटी 17 टक्के होती. लेकाच्या नाकातून रक्त यायचं, आणि आईच्या मिरजेच्या तंबोऱ्याच्या भोपळ्याला चीर गेली तेव्हा तर मला रडूच आलं. स्टोव्हमुळे हवा कोरडी होते असं जो तो सांगायचा म्हणून त्याच्यावर पाण्याचं पातेलं ठेवून दिवसातनं तीनदा भरायचे, पण काटा जेमतेम दोन टक्के हलायचा. मग उन्हाळ्यात पैसे देऊन घराच्या सगळ्या फटी बुजवून घेतल्या, खिडक्या, माळा, तळघर, सगळं. काम करणाऱ्यांनी स्टोव्हबद्दल एका शब्दानं विचारलं नाही याचा मला अजून राग येतो, कारण थंडी सुरू झाल्यावर मी शेगडीवरचा हूड, म्हणजे धूर-वाफ बाहेर फेकणारा पंखा, लावून आमटीला फोडणी दिली आणि स्टोव्हच्या दाराच्या कडेनं धूर घरात, आणि दोनच दिवसांनी पहाटे कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. मुलांना गोधडीत गुंडाळून अंगणात उभे होतो आम्ही.

त्याच दुपारी तुम्ही आलात. आधी धुराडं साफ आहे ना ते बघितलंत, मग देवघरातली उदबत्ती मागितलीत. स्टोव्ह थंड, दार किलकिलं, तिथे उदबत्ती धरलीत आणि मला म्हणालात हूड लाव. धूर सरळ माझ्या तोंडावर आला. मग खिडकी बोटभर उघडायला सांगितलीत, आणि तोच धूर वळून आत स्टोव्हमध्ये गेला! हूड जेवढी हवा बाहेर फेकतो तेवढी कुठून तरी आत यायलाच हवी ना, आणि फटी बुजल्यावर तिला धुराड्याचीच वाट सोपी होती.

कोरडेपणाचं कोडंही तिथेच सुटलं. बाहेर उणे 15 असताना घनमीटरभर हवेत दीड ग्रॅमच्या आसपास पाणी मावतं, तीच हवा घरात 21 डिग्रीला आली की 18 ग्रॅम मावतं, म्हणजे फटीतून येणारी थंड हवाच घर सुकवत होती, पातेलं बिचारं किती पुरं पडणार. "फटी बुजवल्यास ते बरंच केलंस, आता स्टोव्हला त्याची हवा वेगळी दे," असं म्हणालात तुम्ही.

तसंच केलं. भिंतीतून 4 इंची पाइप थेट स्टोव्हला जोडून घेतला, फोडणीच्या वेळी तरीही खिडकी बोटभर उघडी असते. लाकडं सकाळपर्यंत पुरावीत म्हणून रात्री स्टोव्हची हवा पार बंद करायची ती सवय सोडली. ओंडका फोडून आतल्या बाजूला मीटर लावते, 20 टक्क्यांच्या वर ओल असली की तो परत शेडमध्ये.

आज बाहेर उणे 18 आहे आणि घरात ह्युमिडिटी 34, पातेलं न ठेवता, नुसत्या स्वयंपाक-आंघोळीच्या वाफेवर. काचांच्या कोपऱ्यात थेंब दिसले की थोडी कमी होऊ देते, तेही तुम्हीच शिकवलंत. लेकाचं नाक बरं आहे. भोपळ्याची चीर सांधून घेतलीय, आई काल रात्री तंबोरा लावून बसली होती. रविवारी काकूंना घेऊन जेवायलाच या.

तुमची,
टेकडीवरच्या घरातली