तू घेतलेल्या रविवारांसाठी

ताई,

तोंडावर आभार मानायला गेलो की तू "बरं बरं, आधी हूड पुसून घे" म्हणून विषय बदलतेस. (लॅबबाहेरच्यांसाठी: हूड म्हणजे पेशी हाताळायची निर्जंतुक हवेची काचबंद जागा.) म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय. इथे तुला मध्ये बोलता येणार नाही.

पीएचडीचं तिसरं वर्ष होतं. लॅबमध्ये वाढवलेल्या पेशींचं मीडियम, म्हणजे त्यांचं पोषक द्रव, दर दोन-तीन दिवसांनी बदलावं लागतं, आणि पेशींना रविवार कळत नाही. सलग किती रविवार लॅबमध्ये गेले हे मोजणं मी सोडून दिलं होतं. झोप येत नव्हती असंही नाही. भरपूर यायची, पण उठलो की थकवा उशाशीच बसलेला. पेपरचा एकच परिच्छेद चारदा वाचायचो. एकदा महिनाभर अडलेला प्रयोग जमला, आणि मला काहीच वाटलं नाही. ते जास्त भीतीदायक होतं.

कुणाला सांगितलं नाही असं नाही. गाईडना सांगितलं. "तिसऱ्या वर्षात सगळ्यांचंच असं होतं," म्हणाले आणि त्याच दमात पुढचा डेटा कधी देतोस ते विचारलं. विभागाने वेळेच्या नियोजनावर व्याख्यान ठेवलं. शनिवारी संध्याकाळी. हजेरी सक्तीची!

ते व्याख्यान ऐकून मी लॅबमध्ये आलो, पेशींचा फ्लास्क बाहेर काढला आणि इन्क्युबेटरचं, म्हणजे पेशी उबेत ठेवायच्या कपाटाचं, दार उघडं टाकून तसाच उभा राहिलो. मीडियम पिवळं पडलं होतं. ते मुळात गुलाबी-लालसर असतं, पेशींनी आम्ल सोडलं की पिवळं होतं. दहा मिनिटांचं काम, पण हात हलेना. अलार्म वाजायला लागला तरी मी तिथेच.

तू पलीकडच्या हूडवरून उठलीस. दार लावलंस. "काय झालं?" असं विचारलं नाहीस. माझ्या हातातला फ्लास्क घेतलास, खिशातून काळा मार्कर काढलास आणि माझ्या नावाच्या अक्षरांखाली तुझी दोन अक्षरं लिहिलीस.

"आजपासून रविवारचं माझ्याकडे. तू येऊ नकोस. आलास तर लॅबचं कार्ड काढून घेईन."

लॅबबाहेरच्या माणसाला यात काय मोठं, असं वाटेल. पण फ्लास्कवर ज्याची अक्षरं, त्याची जबाबदारी. बुरशी आली तर बोलणी त्यानेच खायची. आणि तुझा स्वतःचा थीसिस दोन महिन्यांवर आला होता.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास तुझा फोटो आला. फ्लास्क, आत गुलाबी मीडियम. खाली एक शब्द नाही. मी अंथरुणात बसून तो फोटो पाहत राहिलो आणि रडलो. कित्येक महिन्यांनी काहीतरी वाटलं होतं.

पुढे डॉक्टर, रजेचा अर्ज, सह्या वगैरे झालं, ते सांगत बसत नाही. रजेत थोडं वाचलं तेव्हा कळलं, जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली आहे: शक्ती संपणं, कामापासून मन उडणं, आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. तिन्ही माझ्याकडे हजर. त्यांच्या मते हा आजार नाही, कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या, साचलेल्या ताणाचा परिणाम आहे. म्हणजे दोष फक्त माझ्या वेळापत्रकाचा नव्हता. पण आमचं कामाचं ठिकाण तरी कुठलं? पगाराचा विषय निघाला की आम्ही विद्यार्थी, रविवारी बोलवायचं असलं की कर्मचारी.

सल्ला देणारे मला खूप भेटले. ध्यान कर, पळायला जा, सकारात्मक राहा. चांगल्याच गोष्टी आहेत, पण प्रत्येक सल्ल्याने माझ्या यादीत एक काम वाढायचं. यादीतलं एक काम उचलून नेणारी तू एकटीच. तेही खुलासा न मागता, आणि नंतर कुणाला ऐकवून न दाखवता. असा चांगुलपणा कुठल्या अहवालात येत नाही, आणि विभाग मात्र त्याच्याच जिवावर चालतात.

तो फ्लास्क नियमाप्रमाणे ऑटोक्लेव्ह होऊन, म्हणजे दाबाच्या वाफेत निर्जंतुक होऊन, केव्हाच कचऱ्यात गेला. फोटो आहे. आणि तुझा तो काळा मार्कर, जो तू आठवडाभर सगळ्या लॅबला विचारत होतीस, माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. परत मिळणार नाही.

तुझा,
पलीकडच्या हूडवरचा