सुनांची माहेरं शोधणाऱ्या आजींना

आजी,

ग्रंथालयात बसून तुम्ही आमची वंशावळ शोधायला मदत केलीत, त्याबद्दल इंग्रजीत तुमचे आभार मानले, पण ते फारच कोरडे झाले. म्हणून हे माझ्या भाषेत, चारचौघांसमोर. तुम्हाला वाचता येणार नाही, तरीही.

आमच्या आजेसासूबाईंना एकच ध्यास होता: आपलं घराणं 'मेफ्लॉवर'वरच्या, म्हणजे इंग्रज वसाहतकऱ्यांना अमेरिकेत नेणाऱ्या जहाजावरच्या, जॉन हाउलंडपर्यंत खरंच पोचतं का? १६२० साली वादळात जहाजावरून समुद्रात पडलेला आणि लोंबता दोर पकडून वाचलेला तो तरुण. त्याच्या वंशजांना अमेरिकेत तोटा नाही, तसा वंशज म्हणवणाऱ्यांनाही नाही. आधी आम्ही पैसे मोजून एका 'तज्ज्ञां'कडे गेलो. त्यांनी चकचकीत वंशवृक्ष दिला, वर कुलचिन्हाची ढालसुद्धा छापून! पण मध्येच नुसतं 'पत्नी हॅना'. धागा नेमका तिच्यातूनच जायचा. विचारलं, तर म्हणाले, बायकांची नोंद कोण ठेवत होतं? तळाशी माझ्या नावापुढेही फक्त 'भारत'. बसा शोधत.

तुम्ही मात्र हॅनाला सोडलं नाहीत. जन्म-लग्नाची नोंद नसेल तर बापाचं मृत्युपत्र बघायचं, म्हणालात. आणि सापडली की! बापाने लेकीला गाय आणि अंथरूण-पांघरूण ठेवलं होतं, जावयाच्या आडनावासकट.

हाउलंडची बायको एलिझाबेथ टिली हिचे आईवडील पहिल्याच हिवाळ्यात गेले. जहाजावरच्या १०२ प्रवाशांपैकी जवळजवळ निम्मे तेव्हाच गेले. पुढे लोक तिला वसाहतीचा पहिला गव्हर्नर कार्व्हर याच्या घराण्यातली समजू लागले. १८५५ साली, वसाहतीचा इतिहास लिहून ठेवणाऱ्या गव्हर्नर ब्रॅडफर्डचं हस्तलिखित लंडनच्या बिशपांच्या संग्रहात सापडलं, तेव्हा कुठे तिला तिचा बाप परत मिळाला. हे सांगताना तुमचा आवाज चढला होता.

आणि मग पेन्सिल उचलून तुम्ही मला विचारलंत, "तुझ्या आईचं माहेर? तिच्या आईचं?" आजीचं आडनाव विचारायला मी साताऱ्याला फोन लावला. तिकडे मध्यरात्र उलटलेली, इकडे ग्रंथालय बंद व्हायची वेळ. तुम्ही कोट घालून थांबलात. 'कोरेगाव' एकेक अक्षर विचारून लिहिलंत, नीट उच्चारता येईपर्यंत माझ्याकडून म्हणवून घेतलंत.

ना पगार, ना पाटीवर नाव. तरी परक्यांच्या मेलेल्या माणसांसाठी दुपारच्या दुपारी घालवणारी माणसं आहेत, म्हणून आमच्यासारख्यांचं निभतं. त्या तज्ज्ञांनी निदान फोन तरी उचलावा.

पुढच्या महिन्यात पुरणपोळ्या घेऊन येतेय. आत खायला बंदी आहे, माहीत आहे. बाहेर बाकावर बसू.

तुमची,
कोरेगावची नात